पडद्यातून गेलेलं पाणी

मंगळवार, संध्याकाळ. मेहरूण, जळगाव.

आज प्रयोगशाळेत मेंब्रेनचा पडदा कोराच निघाला. औषध म्हणून पेशींत निरोगी जनुक वाहून नेणारे विषाणू त्याला चिकटतात, मग आम्ही ते खारट पाण्यानं सोडवून घेतो. आज मूळ द्रावणातच मीठ जास्त झालं, म्हणून ते चिकटलेच नाहीत. आणि पडद्यातून गेलेलं पाणी? ते सगळे त्यातच होते, आणि न तपासताच मी ते ब्लीचमध्ये ओतलं. कसली मेली घाई होती मला!

घरी आले तर अक्काचा रोहन खुर्चीत. त्याच्या पायांतलं बळ संपत आलंय.

"मावशी, माझं औषध झालं का?"

"गाळणं चाललंय रे."

मागे विहिरीपाशी आई पाणी गाळत होती. आमच्या जैन घरातली रोजची रीत. गाळणं उलटं करून तिनं त्यातले जीव हलकेच विहिरीत परत सोडले.

तिच्या हातून आजही एक जीव वाया गेला नाही.