पांढऱ्या झाकणाची बाटली

५ जानेवारी, सोमवार

आजपासून नोकरी सुरू. खोपटला, एस.टी. डेपोच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर केसांचा दवाखाना आहे. आत इतका उजेड की पाऊल ठेवताच मला माझ्या भांगाची काळजी लागली. निघताना विरळ जागेवर काजळाची पेन्सिल फिरवली होती. केसांच्या दवाखान्यात नोकरी आणि स्वतःच्या डोक्यावर रंगकाम. आधी हसू आलं, मग लाज वाटली.

अनिमेष सर, इथले डॉक्टर, मनमोकळे आहेत. डिसेंबरपासून एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे. बावीस जण. अकरा जणांना निळ्या झाकणाची बाटली, अकरा जणांना पांढऱ्या. एकीत औषध, दुसरीत नुसतं पाणी. कुठल्या झाकणात काय आहे ते सरांनाही ठाऊक नाही, ते बंद लखोट्यात आहे. माझं काम म्हणजे दर भेटीला डोक्यावरच्या ठरलेल्या चौकोनाचा फोटो काढायचा, त्यातले केस मोजायचे, जुनी बाटली परत घेऊन नवी द्यायची. जुन्या बाटलीत उरलेलं त्याच दिवशी जाळायच्या डब्यात ओतायचं. एकदा उघडलेलं औषध साठवायचं नाही, हे सरांनी तीनदा सांगितलं.

खडवलीहून निघताना आईला वाटलं होतं की मी रडेन. रडले नाही. कोपरीला कांताआत्याकडे उतरले आहे. लहानपणी मी सतत आजारी, म्हणून आठव्या वर्षापर्यंत माझी शाळा म्हणजे आत्याची पाटी. रोजनिशीची सवयही तिनंच लावली. चुकलं तर एकच रेघ मारायची, गिरवून झाकायचं नाही, खालचं वाचता आलं पाहिजे. दवाखान्यातल्या नोंदींचाही हाच नियम निघाला. मी सरांना अभिमानानं सांगितलं की हे मला घरीच शिकवलंय.

आत्या म्हणाली की टकल्याला फणी विकायचा धंदा जुनाच आहे गं, तू आपला पगार वेळेवर घे.

९ जानेवारी, शुक्रवार

चाचणीतले आनंदकाका आले होते, निळ्या झाकणाचे. एस.टी.त कंडक्टर आहेत. कानांवर कुरळ्या केसांची झालर, वर लख्ख. वीस वर्षं खिशात फणी आहे म्हणाले, आता तिनं पाठ खाजवतो.

त्यांच्यानंतर कादंबरी. डोंबिवलीची, माझ्याच वयाची, चौथीच्या वर्गाला शिकवते. डोक्यावरून ओढणी सोडत नाही. मी फोटोसाठी ओढणी मागितली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. पुढचं सगळं गेलेलं आहे. बोलता बोलता तिनं सांगितलं की वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, बाई, तुम्हाला कॅन्सर झालाय का, आणि ती हो म्हणाली. त्यावर कोणी हसत नाही ना, म्हणून. आता अख्खा वर्ग तिच्यासाठी गुरुवारचा उपास करतो. ती हे हसत सांगत होती, पण मान वर करत नव्हती.

मला ती फार जवळची वाटली.

१९ जानेवारी, सोमवार

जे लिहायला नको ते लिहिते आहे.

निळ्या बाटल्यांना वास आहे. फडक्यात बांधलेल्या, मोड आलेल्या मटकीचा. पांढऱ्यांना कसलाच नाही. हे मला कळायला नको होतं. कादंबरीची बाटली पांढरी आहे.

परत आलेल्या बाटलीच्या तळाशी बोटभर उरतं. आमच्याकडे तेलाची रिकामी बाटली कोणी फेकत नाही. ती दुसरीच्या तोंडावर उपडी ठेवायची, शेवटचा थेंब उतरेपर्यंत. माझा हात तसाच चालला. गेल्या दहा दिवसांत अकराही निळ्या बाटल्यांचा तळ मी एका लोणच्याच्या बरणीत उतरवला. दवाखान्याच्या वहीत मात्र डब्यात टाकलं म्हणून सही केली. बरणी घरी ओट्याखाली आहे, शेगडीच्या उबेला. आंघोळीनंतर भांगावर दोन थेंब लावते. आत्याला वाटतं मी कसलंसं तेल लावते.

२७ जानेवारी, मंगळवार

कादंबरीनं विचारलं की खरं सांग, आले का. चौकोनात शून्य होतं. ती म्हणाली, ठीक आहे गं, आशा म्हणजे पण एक खाजच असते. मार्चमध्ये वर्गाचा निरोप समारंभ आहे. निदान त्या दिवशी मुलांना सांगायचंय की बाई बऱ्या झाल्या.

मी मागच्या खोलीत गेले. तिच्या नव्या बाटलीतलं पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि घरून जेवणाच्या डब्यातून आणलेलं माझ्या बरणीतलं औषध तिच्यात भरलं. पांढरं झाकण लावलं. सही केली.

दया केली असं वाटलं. आता लिहिताना वाटतं की मला माझ्या चोरीत कोणीतरी सोबतीला हवं होतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

एकतीस केस. दोनदा मोजले. कादंबरी रडली, मीही रडले. सर म्हणाले की कधी कधी नुसत्या आशेनंही केस येतात, म्हणून तर पाण्याची बाटली ठेवावी लागते.

पण भिंगाखाली मी पाहिलं. तिचे उरलेले केस सरळ आणि काळे आहेत. नवे वेगळे आहेत. काही पांढरे, काही मेंदीनं लालसर, चार-पाच कुरळे. मुळापासून मेंदी लागलेला केस उगवतो कसा? अकरा जणांनी आपापल्या डोक्याला टेकवलेले ड्रॉपर त्या बाटल्यांत बुडत होते.

मी फक्त आकडा लिहिला. रंगाला वहीत रकाना नाही, अशी स्वतःची समजूत घातली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

एका आठवड्यात खांद्यापर्यंत. कादंबरी अजून खूश आहे. म्हणते, कसलेही असू देत, रंगवून घेईन.

आनंदकाका शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. तिच्या डोक्यावरचे कुरळे केस, तेवढेच, हळूहळू उचलले गेले आणि काकांकडे वळले. काका म्हणाले, पंख्याचा वारा मस्त लागतोय.

पंखा बंद होता.

घरी येऊन बरणी उघडली. आत काहीतरी वळवळून पुन्हा स्थिर झालं. माझ्या भांगात आज एक लालसर केस सापडला. उपटला. खूप आतून आला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कादंबरीला शाळेतच ठसका लागला. घशातून हातभर केस निघाला. तो संपतच नव्हता, मुलांसमोर ओढत होती. इस्पितळात आहे. पोटातही आहेत म्हणतात.

सरांनी लखोटा उघडला. पांढरं झाकण, पाणी. मला म्हणाले की तिला औषध मिळालं असतं तर ते थांबवायचं इंजेक्शन आपल्याकडे आहे. पण ज्याच्या अंगात औषधच नाही त्याला ते दिलं तर हृदय बंद पडतं. म्हणून देता येत नाही.

मग विचारलं की मेघना, सगळ्या बाटल्या नोंदीप्रमाणेच गेल्या ना.

मी हो म्हटलं.

२३ फेब्रुवारी

कादंबरीची आई दवाखान्यात आली. माझे हात धरून म्हणाली की माझी पोर तुझ्याशिवाय कोणासमोर ओढणी काढत नव्हती. मी मान खाली घातली.

आत्यानं विचारलं की जेवत का नाहीस, कोणी काही बोललं का. तिला कसं सांगू. जिभेच्या मुळाशी काहीतरी टोचतंय. बोटानं चाचपलं. खुंट.

उद्या सरांना सांगते. नक्की.

२४ फेब्रुवारी

सरांसमोर उभी राहिले. तोंड उघडलं. शब्दाआधी ते आलं—

ओठ मिटले. रुमाल लावला. सरांना वाटलं की रडते आहे. म्हणाले की तुझी काही चूक नाही, तू घरी जा.

तेव्हासुद्धा कागदावर लिहून देता आलं असतं. पण ते माझं तोंड बघतील म्हणून—

तोंड बघतील म्हणून. तिकडे ती—

२५ फेब्रुवारी

सकाळ. दाराला आतून कडी. आत्या बाहेरून म्हणते की चहाचं पाणी झालं, उघड आता, लहान आहेस का. उत्तर देता येत नाही. जीभ जागेवरून हलत नाही.

फोनवर कादंबरीच्या आईचा निरोप. डॉक्टर म्हणतात, संध्याकाळपर्यंतच.

बोलता येत होतं तेव्हा बोलले नाही. पाच दिवस.

सर, कादंबरीच्या बाटलीत पाणी नव्हतं. अकरा निळ्या बाटल्यांचं उरलेलं मी साठवलं, उबेला ठेवलं, तेच तिच्या— लखोटा खरा आहे. मी खोटी आहे. इंजेक्शन द्या. बरणी ओट्याखाली आहे, तपासा, उघड्या हातानं नको—

पान फाडून दाराखालून सरकवायचं होतं. फाटत नाही. केसांनी बारीक टाके घातल्यासारखं शिवलंय सगळं—

नखांखालून येतायत. पेनाला गुंडाळून—

दारावर पाय आपटते आहे. आत्या हाका मारते. ऐकलं तिनं. दार हलतंय.

आत्या, माझ्याकडे बघत बसू नकोस. आधी वही घे. खोपटला सरांना, आत्ताच, संध्याकाळच्या आत— तिला अजून वाचवता—