सवलतीत मिळालेली पेटी

भिसेगाव, कर्जत
हंगामाच्या सणानंतरचा मंगळवार

प्रिय आक्कास,

धाकट्या भावाचा प्रभू येशूच्या नावाने सलाम. इकडे संध्या खुशाल आहे, आणि मी तिच्या परवानगीने खुशाल आहे. तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारत नाही, कारण तू "प्रभूच्या कृपेने बरी" एवढंच म्हणणार, आणि तुझा हर्षद फोनवर वेगळंच सांगतो. डॉक्टर म्हणतात हृदयाची झडप बदलायला हवी, आणि तू म्हणतेस की म्हातारीच्या झडपेवर एवढा पैसा ओतणं म्हणजे प्रभूच्या पैशाची उधळपट्टी, तो पैसा मुलींच्या वसतिगृहाला जाऊ दे, वर तर जायचंच आहे, दोन स्टॉप आधी उतरले तर काय बिघडलं. (स्टॉपची ही भाषा तू माझ्याकडून उचललीस. एसटीत नोकरी मी केली, तू नव्हे.) फोनवर मी तोंड उघडलं की तू प्रार्थना सुरू करतेस, आणि प्रार्थनेत मध्ये बोलायचं नाही हे आईने अंगवळणी पाडलेलं असल्यामुळे मी दर वेळी हरतो. म्हणून पत्र लिहितो आहे. पत्र वाचताना तुला डोळे मिटता येणार नाहीत.

या पत्राने तुला ऑपरेशनच्या टेबलावर चढवायचं असा मी निश्चय केलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पण त्याआधी माझी हकीकत ऐक, कारण तुला जो आजार झालाय (झडपेचा नव्हे, दुसरा) तोच मला यंदा पावसाळ्याच्या अखेरीस झाला होता आणि सगळ्या मंडळीसमोर बरा झाला.

झालं असं की आमच्या पाळकसाहेबांनी कारभारीपणावर लागोपाठ उपदेश केले. पैसा आपला नाही, वेळही आपला नाही, मालक दुसरा आहे आणि आपण नुसते कारभारी. तेव्हा दर रुपया आणि दर घटका अनंतकाळावर नजर ठेवून खर्च करावी, असा सगळ्याचा सारांश. बाकीची मंडळी उपासनेनंतर चहा पिऊन विसरली. मी विसरणाऱ्यातला नाही. कर्जत डेपोत जन्मभर वाहतूक नियंत्रक म्हणून काढल्यावर वाया गेलेला वेळ मला लांबून ओळखू येतो. घरी आल्या आल्या मी आमच्या दोघांच्या उरलेल्या आयुष्याचं वेळापत्रक तयार केलं आणि स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलं. प्रार्थना, वाचन, आजाऱ्यांच्या भेटी, परसबाग, सगळं नेमून दिलं. संध्याने ते उभ्या उभ्या वाचलं आणि यात भांडी घासायची वेळ कुठे दिसत नाही एवढंच विचारून आत गेली. पैशाच्या बाबतीतही मी कडक झालो. स्टेशनजवळचा चहा बंद केला. वर्तमानपत्र बंद केलं आणि शेजारच्या वनिताबाईंकडे जाऊन वाचू लागलो (तिथे चहाही मिळतो).

आता अनंतकाळावर नजर ठेवून खरेदी करायची म्हटल्यावर सुज्ञ माणसाच्या मनात पहिली वस्तू कोणती यावी? माझ्या मनात पेटी आली. कपड्यांची नव्हे, शेवटची. माणूस गेल्यावर घरचे रडत असतात, भाव करायच्या मनःस्थितीत नसतात, सुतार मागेल ते देतात. ती घासाघीस आपली आपण जिवंतपणी उरकून ठेवली तर वाचलेला पैसा प्रभूच्या कामी येईल, हे मला इतकं स्वच्छ दिसलं की आजवर कोणाला कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं. त्यातच कळलं की खोपोलीचा गजा सुतार दुकान बंद करून मुलाकडे राहायला जातो आहे. कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांतल्या आपल्या लोकांच्या पेट्या तोच करायचा. मी गेलो, तर एक पेटी शिल्लक होती. अस्सल सागवान, पितळेच्या कड्या, झाकण असं गच्च बसणारं की आत मुंगी शिरायची नाही. आणि किंमत निम्म्याहून कमी. मी कारण विचारलं. गजा म्हणाला, "गिऱ्हाईक बरं झालं वो. पोरांनी घाई करून पेटी करवली, आन् म्हातारा आप्रेशन करून घरी आला. आता पेटीचं नाव काढलं की काठी घेऊन मागं लागतो." मी त्या म्हाताऱ्याच्या तब्येतीबद्दल देवाचे आभार मानले आणि पेटी घेतली.

मनोजच्या टेंपोत पेटी घातली आणि घसरू नये म्हणून तिच्यावर हात ठेवून मी मागे बसलो. आक्का, पळसदरीच्या त्या रस्त्यावर माझ्या आठवणीत पहिल्यांदाच मागच्या गाडीने हॉर्न वाजवला नाही. चहाच्या टपरीपाशी मनोज थांबला तर बाकड्यावरची माणसं उठून हात जोडून उभी राहिली. मीही हात जोडले, दुसरं काय करणार? एकाने हळू आवाजात विचारलं, कोण गेलं? खोटं बोलायचं नाही म्हणून मी सांगितलं की अजून कोणी नाही, पेटी माझीच आहे. तो माणूस अर्धा चहा टाकून निघून गेला. आमच्या गल्लीत वळून टेंपो आमच्याच दारापाशी थांबला तेव्हा वनिताबाई अंगणात होत्या. त्यांना पेटी दिसली, पेटीपलीकडे बसलेला मी दिसलो नाही. त्यांनी जो गळा काढला त्याने सगळं भिसेगाव गोळा झालं. आणि काय सांगू, माझे एकेक गुण काढून त्या रडत होत्या. त्यातला एकही त्यांनी माझ्या तोंडावर कधी सांगितला नव्हता, म्हणून मी थोडा वेळ तसाच वाकून बसलो. नेमकी तेव्हा संध्या बाजारातून आली. गर्दी बघून ती पांढरीफटक पडली, आणि मी टेंपोतून उतरताना दिसल्यावर लालबुंद झाली. हातातली पिशवी माझ्याकडे देऊन म्हणाली, "आधी भाजी आत ठेवा. मग बघते तुमच्याकडे."

त्यानंतर तिने जे बघितलं ते इथे लिहीत नाही. पेटी माळ्यावर चढेना, म्हणून बाहेरच्या खोलीत भिंतीला लावून वर चादर घातली आणि तिला दिवाण म्हणू लागलो. पाळकसाहेब भेटीला आले ते तिच्यावरच बसले आणि चकली खाता खाता माझ्या साध्या राहणीचं कौतुक करून गेले. एकदा संध्या महिला मंडळाला गेलेली असताना मी माप बघावं म्हणून आत आडवा झालो. पाय मावेनात. गुडघे दुमडावे लागले, आणि पुनरुत्थानाच्या दिवशी सगळे ताडकन उभे राहत असताना मी पाय मोकळे करत बसणार हे काही बरोबर दिसेना. सवलतीच्या नादात मी माप घ्यायचं विसरलो होतो. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाने अशी चूक बायकोला सांगायची नसते, म्हणून सांगितली नाही. पुढे आपल्या दोन खाचरांचं भात घरी आलं, आणि उंदरांनी पोती फोडायला सुरुवात केली तेव्हा संध्यानेच चादर काढून सगळं भात पेटीत ओतलं. एकही दाणा गेला नाही. त्या दिवसापासून पेटीवरचा तिचा राग अर्ध्यावर आला.

आता हंगामाचा सण. आमची रीत तुला माहीत आहे: ज्याने त्याने शेतातलं, परसातलं पहिलं पीक वेदीपुढे आणून ठेवायचं, आणि उपासना झाल्यावर अंगणात त्याचा लिलाव. वेदीपुढे एकदा ठेवलेली वस्तू परत घरी न्यायची नाही, हवी असेल तर बोली लावून घ्यायची. शनिवारी तरुण संघाची पोरं टेंपो घेऊन घरोघर फिरली. मी वेळापत्रकाप्रमाणे आजाऱ्यांच्या भेटीला गेलो होतो. संध्याने पोरांना पेटीतलं भात न्यायला सांगितलं आणि ती परसात गेली. पोरांनी भात पेटीसकट उचललं. रविवारी मी देवळात पाऊल टाकतो तो भोपळे, काकड्या, केळीचे घड आणि दोन कोंबडे यांच्या मधोमध माझी पेटी, झाकण उघडं, आत काठोकाठ भात. मी पुढे सरकेपर्यंत पाळकसाहेबांनी हात वर करून समोरचं सगळं प्रभूला वाहून टाकलं. मंडळीने आमेन म्हटलं. त्या घाईत मीही म्हटलं.

लिलावात आतलं भात आधी गेलं आणि रिकामी पेटी शेवटी निघाली. मी पहिली बोली लावली, आणि सगळे हसले. मग मागून दुसरी बोली आली. कशेळ्याच्या वरच्या वाडीतला पोशा, तुला आठवत असेल, मागे तू आलीस तेव्हा त्याने तुला रानातली करवंदं आणून दिली होती. मी वाढवली, त्याने वाढवली. पाळकसाहेबांनी जरा काळजीने विचारलं की पोशा, घरी सगळे बरे आहेत ना. पोशा म्हणाला, "मरायला नको वो मला पेटी. मला चटईत गुंडाळला तरी देव वळखंल. माजं बियानं दर साली उंदरं खातात, त्याला पायजे. बियानं देवानं राखाया दिलंय, उंदरांना चाराया नाय." मी पुन्हा बोली वाढवली. आणि तेवढ्यात बायकांच्या बाजूने माझ्या ओळखीचा आवाज आला: पोशाच्या नावाने, माझ्या बोलीवर आणखी शंभर, पैसे ती देणार. आक्का, माझी बायको माझ्याच पैशाने माझ्याच पेटीसाठी माझ्याविरुद्ध बोली लावत होती. मी जिंकलो तरी पैसे माझे आणि हरलो तरी माझेच, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी खाली बसलो. पेटी पोशाला मिळाली. सहा आसनी जीपच्या टपावर बांधून ती कशेळ्याला गेली, तेव्हा पोशा पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता आणि दर वळणाला मान बाहेर काढून वर बघत होता, असं ड्रायव्हर सांगतो.

ही झाली माझी गोष्ट. आता तुझी. वर जायचंय म्हणून मी जिवंतपणी पेटी घेतली, आणि वर जायचंय म्हणून तू झडप नको म्हणतेस. दोघांनी एकच शिकवण मनावर घेतली आणि दोघांनी एकच वेडेपणा केला, फक्त माझा दिसायला ओबडधोबड आणि तुझा सोज्वळ. तू मला सांग, त्या वसतिगृहातल्या मुलींना शिवण कोण शिकवतं? तुझा पैसा त्यांना मिळेल, पण मशीनमध्ये दोरा अडकला की तो पैसा काढायला येणार आहे का? मालकाने तुझ्या ताब्यात पैशाबरोबर वेळही दिलाय. पैसा तू जपून वापरतेस आणि वेळ मात्र त्याने मागितला नसताना परत करायला निघालीस, याला मी कारभारीपण म्हणणार नाही. त्याने बोलावलं की जायचंच, तिथे माझं वेळापत्रक चालत नाही. पण अजून त्याने बोलावलेलं नाही. बोलावलंय ते डॉक्टरांनी. मला तू हवी आहेस, आक्का, हे मी फोनवर म्हटलं तर तू प्रार्थना सुरू करशील, म्हणून इथे लिहून टाकतो.

मोठ्यांना सलाम, लहानांना गोड पापा. प्रार्थनेत आठवण ठेव, पण हे पत्र वाचून संपल्यावर.

तुझा धाकटा भाऊ,
दशरथ

ता. क. माझ्या कबरेवर संगमरवरी क्रूस बसवावा म्हणून मी पैसे बाजूला ठेवले होते. ते हर्षदकडे पाठवले आहेत. त्याने ऑपरेशनची तारीख घेतली आहे आणि तुला सांगायची त्याला हिंमत होत नव्हती, म्हणून मी सांगतो आहे. मला साधा लाकडी क्रूस चालेल, प्रभूला माझा पत्ता माहीत आहे.

ता. क. दुसरा. संध्या म्हणते की दवाखान्यात तुझ्याजवळ ती राहील, कारण मी राहिलो तर डॉक्टरांना वेळापत्रक करून देईन. (हे तिने मला शब्दाला शब्द लिहायला लावलं आहे.)

ता. क. तिसरा. हा संध्याला दाखवलेला नाही. त्या दिवशी पेटीत पाय मावेनात तेव्हा मी बाहेर येऊन बसलो आणि एवढ्या आखूड पेटीत आपल्या ओळखीचं कोण मावेल याचा विचार करू लागलो. मला वडिलांची उंची मिळाली, तुला आईची. त्याच संध्याकाळी हर्षदचा फोन आला की तू ऑपरेशनला नाही म्हणालीस. त्यानंतर मला त्या खोलीत बसवेना. भात भरलं तरी बसवेना. पोरांनी पेटी चुकून उचलली असं मंडळीत सगळे समजतात. पेटीसकट उचला असं मीच त्यांना आदल्या दिवशी बजावून ठेवलं होतं. संशय नको म्हणून पहिली बोली लावली, पुढच्या बोल्या सवयीने लागत गेल्या. आता घरात तुझ्या मापाची एकच वस्तू आहे: नाताळसाठी तुला घेतलेल्या चपला. दुकानदार त्या परत घेत नाही. पैसा प्रभूचा आहे आक्का, वाया घालवू नकोस.