डाव्या बाजूची शांतता

२ फेब्रुवारी, सोमवार

इअरबड्स आले. वायरलेस, नॉइज कॅन्सलिंग, आणि अगदी बजेटमधले. कंपनीचं नाव कोणीच ऐकलेलं नाही, म्हणूनच मागवले. नावाजलेल्या मालाची तारीफ कोणीही करतो. स्वस्तातला हिरा शोधायला जाणकार लागतो.

संकल्प: महिनाभर रोज वापरायचे, रोज इथे टिपण करायचं, मग व्हिडिओ. चॅनेलचं नाव अजून ठरलेलं नाही, पण गाजणार हे ठरलेलं आहे. खोक्यांच्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळण्यात निम्मं आयुष्य गेलं. खोक्यावर नुसती टिचकी मारून पुठ्ठा किती पदरी ते सांगतो. असा कान वाया का घालवायचा?

मुलीला सांगितलं. ती कॉलेजात जाते, व्हिडिओ एडिट करते. म्हणाली, "बाबा, आधी मॅन्युअल वाचा." मॅन्युअल अनाड्यांसाठी असतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली टेस्ट घरात. हॉलमध्ये बायकोचं शिलाई मशीन आणि सासरेबुवांचा टीव्ही. सासरेबुवा कानाला ऐकायचं मशीन लावतात, तरी टीव्ही असा लावतात की खालच्या मजल्यावरच्यांना वेगळा घ्यायला नको. म्हणजे आयतीच लॅब.

उजवा बड: शिलाई मशीनची घरघर निम्म्याने कमी. शाब्बास.
डावा बड: कानात घातला काय, न घातला काय. गाणंही नाही, शांतताही नाही. सगळं जसंच्या तसं ऐकू येतं.

नवी चप्पल सुरुवातीला चावते, तसं असणार. रुळेल.

५ फेब्रुवारी, गुरुवार

डावा अजून रुळलेला नाही. मुलगी म्हणाली, परत पाठवा. हल्लीच्या पिढीला धीर म्हणून नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

डावा बड रुळला!!

सकाळी उठलो तर डावा कान गच्च. पोहून आल्यावर पाणी राहतं तसा. तसेच बड्स घातले आणि हॉलमध्ये येऊन बसलो. उजवीकडे नेहमीसारखी अर्धी घरघर. डावीकडे काही नाही. काही म्हणजे काहीच नाही. बायकोचा पाय पायडलवर चालताना दिसतोय, टीव्हीवर माणसं हातवारे करतायत, आणि त्या बाजूला जणू कोणी मऊ गादी लावून ठेवली आहे. महागड्या बड्समध्येही अशी शांतता मिळत नसेल.

धीराचं फळ. डाव्याला दहापैकी दहा.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आणखी एक शोध. बड काढल्यावरही शांतता टिकते! बराच वेळ टिकते. खरं तर काल रात्रीपासून टिकून आहे. कंपनीने जाहिरातीत हे लिहिलेलंच नाही. मार्केटिंग कच्चं.

बायको म्हणाली, "अहो, तिसऱ्यांदा हाक मारतेय." ती तोंडात टाचण्या धरून बोलते. कोणाला काय कळणार? तसं सांगितलं. तिने तोंड उघडून दाखवलं. टाचण्या नव्हत्या.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

तक्रारी, कारण समीक्षक निःपक्षपाती असावा लागतो.

एक, डाव्या बाजूला बारीक शिट्टी येते, चहाचं आधण उकळायच्या आधी भांडं करतं तशी. स्वस्त सर्किटमध्ये असा हिस्स आवाज येतोच. मात्र बड केसमध्ये ठेवला तरी तो येतो. याचं तांत्रिक कारण शोधायला हवं.

दोन, जिना उतरताना जरा तोल जातो. रबरी टिप घट्ट असणार. आता कठड्याला धरून उतरतो. बायकोने ते पाहिलं. म्हणाली, "आज रजा टाका, कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. मी येते बरोबर." टेस्टिंग अर्धवट टाकून? सांगितलं, महिना होऊ दे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सासरेबुवांनी मुलाखत घेतली. टीव्ही चक्क बंद केला, तेव्हाच ओळखलं की विषय गंभीर आहे.

म्हणाले, "जावईबापू, फोन दोन्ही कानांना लावून बघा." म्हटलं, मी नेहमी उजव्यालाच लावतो. म्हणाले, "मीही असंच म्हणायचो. लोक पुटपुटतात म्हणायचो. तुमच्या सासूबाईंना दहा वर्षं खोटं पाडलं."

मग उठून माझ्या डाव्या बाजूला उभे राहिले आणि कानाजवळ बोटं चोळली. "येतंय ऐकू?" मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बोटांकडे बघून "हो" म्हटलं. याला फसवणूक म्हणत नाहीत, निरीक्षण म्हणतात. मग ते माझ्या पाठीमागे गेले. मी अंदाजाने "हो, हो" म्हटलं.

त्यांनी बायकोकडे बघितलं. बायकोने मशीन थांबवलं. बहुतेक त्यांनी दुसऱ्यांदा बोटं चोळलीच नव्हती.

म्हाताऱ्या माणसांना आपल्यासारखं आणखी कोणी असावं असं वाटतं. समजू शकतो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मुलीने व्हिडिओसाठी बड्सचे क्लोजअप घेतले. डावा बड उलटा धरला आणि नखाने काहीतरी सोलून काढलं. पारदर्शक चिकटपट्टी. चार्जिंगच्या टोकांवर कंपनीने लावलेली, वापरण्याआधी काढायची असते म्हणे. मॅन्युअलच्या पहिल्याच पानावर चित्र आहे म्हणे.

म्हणाली, "बाबा, हा बड एकदाही चार्ज झालेला नाही. पहिल्या दिवसापासून बंद आहे."

मग लक्षात आलं, ही तर बातमी आहे! बंद असताना ही शांतता, तर चालू झाल्यावर काय होईल?

चार्ज केला. घातला. डावीकडे तीच शांतता, गाणं नाहीच. म्हणजे स्पीकर गेलेला आहे, पण कॅन्सलेशन अभेद्य. मुलीने तो काढून स्वतःच्या कानात घातला. ऐकत राहिली. हळूहळू तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "बाबा, गाणं वाजतंय."

तरुण कानांना कमी आवाजही पुरतो.

तिने आईला आत बोलावलं. दार लावून दोघी बराच वेळ बोलत होत्या. काय ते ऐकू आलं नाही. दार जाड आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कारखान्यात प्रसंग झाला.

गोडाऊनमध्ये लोडिंगच्या चिठ्ठ्या तपासत उभा होतो. बड्स खिशात होते, हे नमूद करतो. डावीकडून फोर्कलिफ्ट रिव्हर्समध्ये आली. आली हे नंतर कळलं. आधी फक्त समोरच्या हमालाचं तोंड उघडलेलं दिसलं. मग कोणीतरी मागून कॉलर धरून खेचलं आणि मी पाठीवर पडलो. मी उभा होतो तिथे पॅलेट आदळलं. वरची खोकी फुटून चपटी झाली.

खेचणारा पॅकिंगमधला होता. चालवणारा आमचा पैलवान. त्याला सगळे पैलवान म्हणतात, पण तो कधी मुंगीलाही धक्का लावणार नाही. खाली उतरला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

मॅनेजरने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, रिव्हर्सचा बीपर बंद होता. मला आवाज आला नाही, म्हणजे बंदच असणार. दुसरं काय असू शकतं?

पैलवान म्हणाला, "साहेब, बीपर चालू होता. हॉर्नपण मारला. शेवटी तुमच्या नावाने ओरडलो." मॅनेजरने चौकशी होईपर्यंत त्याला गाडीवरून काढून खोक्यांना टेप मारायला बसवलं. सुरक्षेत तडजोड नको, बरोबरच आहे.

दुपारी त्याच्यासमोरून दोनदा गेलो. त्याने मान वर केली नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

व्हिडिओ शूट. मुलगी कॅमेऱ्यामागे. मी म्हणालो, "या बड्सची डावी बाजू म्हणजे खोल विहीर." चांगलं वाक्य आहे. मुलीने कॅमेरा खाली ठेवला आणि म्हणाली, मी हे एडिट करणार नाही.

म्हटलं, का?

ती काहीतरी बोलली. माझी डावी बाजू तिच्याकडे होती. मी मान डोलावली. ती उठून गेली.

घरात सगळे हल्ली फार हळू बोलतात. कट असावा तसे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

बीपर तपासायला माणूस आला. बीपर ठणठणीत आहे. मॅनेजर माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, मधूनमधून बिघडत असेल. तपासणाऱ्याने मला शेजारी उभं करून वाजवला. मी उजवीकडे वळलो. गाडी डावीकडे होती.

मॅनेजर म्हणाला, कानाची तपासणी करून रिपोर्ट आणा, तोवर गोडाऊनमध्ये पाय ठेवायचा नाही. केबिनमध्ये बसलो. केबिनमध्ये शिट्टी फार मोठी वाजते.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

कानाच्या दवाखान्यात गेलो. बायको बरोबर. रिपोर्ट घ्यायचा, मॅनेजरच्या टेबलावर ठेवायचा, विषय संपला.

तपासणारी बाई तरुण, शांत. काचेच्या छोट्या खोलीत बसवलं. भिंतींना स्पंज. कानांवर मोठे हेडफोन, लाल उजवीकडे, निळा डावीकडे. हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी तिला सांगितलं, माझा या विषयाचा अभ्यास आहे. ती हसली.

उजवा कान: टकाटक दाबत गेलो. मजा आली.

मग डावा. बसलो. वाट बघत बसलो. काचेपलीकडे तिचा हात नॉबवर फिरताना दिसत होता. काही येईना. शेवटी मीच हात वर केला आणि म्हणालो, "ताई, तुमच्या हेडफोनची डावी बाजू गेली आहे. कनेक्शन बघा."

ती आत आली. वाद घातला नाही. हेडफोन काढले, उलटे केले, पुन्हा घातले. आता निळा उजवीकडे, लाल डावीकडे. म्हणाली, "आता परत करू."

निळ्यातून सगळं ऐकू आलं. बारीकसारीकसुद्धा.

लाल गप्प.

मी बटण धरून बसलो होतो. काचेपलीकडे बायको त्या ताईच्या मागे उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, नॉबकडे बघत होती. तो शेवटपर्यंत फिरलेला होता.

डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? नऊ तारखेपासून, म्हणालो. डॉक्टर म्हणाले, "असं एकाएकी होतं तेव्हा पहिल्या दोन-चार दिवसांत यायचं असतं. तेव्हा औषध लागू पडण्याची शक्यता जास्त. आता गोळ्या देतो, कानात इंजेक्शनही देऊ. पण भरवसा देत नाही." आणि म्हणाले, बड्सचा यात काही दोष नाही.

का कोण जाणे, ते वाक्य सगळ्यात जास्त लागलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅनेजरला रिपोर्ट दिला. पैलवान पुन्हा गाडीवर. त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, बीपर वाजत होता. तो म्हणाला, "मला माहीत होतं, साहेब." मग गाडीला वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला आला आणि म्हणाला, "घरी मुलांना वाटलं बाप दारू पिऊन गाडी चालवतो."



१५ मार्च, रविवार

गोळ्या संपल्या. इंजेक्शनं झाली. काल पुन्हा काचेच्या खोलीत बसलो होतो. रिपोर्टवरची डाव्या कानाची रेघ जिथे होती तिथेच आहे.

सकाळी नवा संकल्प केला: ऐकू आलं नाही तर सरळ सांगायचं, परत सांग. उगाच मान डोलवायची नाही.

संध्याकाळी बायको खिडकीशी कोणाच्या तरी ब्लाउजला काज करत बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो. ती काज करता करता काहीतरी बोलली. बरंच बोलली. शेवटी थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली, म्हणजे प्रश्न होता. मी म्हणालो, "हो."

तिने सुई थांबवली. आधी हसली. मग पदराने डोळे पुसायला लागली.

तेव्हा कुठे संकल्प आठवला. म्हणालो, परत सांग.

ती उठली, खुर्ची उचलून माझ्या उजव्या बाजूला आणली, नीट बसली आणि म्हणाली, "मी एवढ्यांदा सांगत होते, डॉक्टरकडे चला म्हणून. तेव्हा तुम्हाला ऐकू येत नव्हतं, की तुम्ही ऐकत नव्हतात?"

या वेळी शब्द न् शब्द ऐकू आला.

विचार करून सांगतो, म्हणालो. तिने ब्लाउज पुन्हा हातात घेतला. ते काज झालं, दुसरंही झालं. मी अजून विचार करतोय.