माळावरची अंगणवाडी

सिलचर, १० जानेवारी

सौ. सरपंच शैलजाबाईंस,
एका नामधारी सरपंचपतीचा दुरून सप्रेम नमस्कार.

मी खुशाल आहे. इथली मुलं संस्कृत शिकत आहेत, निदान मी तरी शिकवतो आहे. आईचा गुडघा कसा आहे?

गावाच्या विकास आराखड्याचे फोटो मिळाले. पर्यावरण तू शेवटच्या पानावर घातलंस, नाटकाच्या भरतवाक्यासारखं: पाचशे झाडे लावू, सर्वांचे कल्याण होवो. ते नांदीच्या जागी हवं होतं, कारण पहिल्याच पानावर नवी अंगणवाडी ओढ्याकाठी आखली आहे.

दर पुरात ओढ्याकाठच्या मारुतीच्या भिंतीवर पाणी चढेल तिथे गेरूची रेघ ओढतात त्या नाथाजीमामांना फोन केला. म्हणाले, "आवं गुरुजी, तितं आमी म्हशी बी बांधत न्हाई. पर सरपंचबाईस्नी सांगनार कोन?" एकोणीस सालची रेघ माझ्या डोक्याच्या वर आहे. अंगणवाडीतलं मूल केवढं असतं, ते तुला सांगायला नको.

गावठाणात दुसरी जागा नाही असं तू म्हणशील, आणि ते खरं आहे. म्हणून सव्वीस तारखेच्या ग्रामसभेत आपला माळावरचा तुकडा देऊन टाकू. निवृत्तीनंतरचं आपलं घर तिथे व्हायचं होतं, विसरलो नाही. त्याचा नकाशा इथे भिंतीवर होता, तो आज उतरवला.

संमतीपत्र सोबत आहे. माझी सही केली आहे, तुझी जागा मोकळी ठेवली आहे. नकाशात ओसरीवर तू झोपाळा काढला होतास. तो तेवढा मुलांसाठी राहू दे.

तुझा,
जयराज