मातीसाहेबांचा गणपती

श्रावण वद्य ११. पोर लुई.
डॉक्टरांची माशांची बरणी आज फुटली. सभागृहभर दारूचा वास, आणि फरशीवर एक मासा तोंड वासून माझ्याकडे बघतो आहे. पुसता पुसता दुपार झाली.
उसाच्या मळ्यावरचा मजुरीचा करार संपवून या विद्वानांच्या सभेत झाडलोटीला लागलो तेव्हा समजूत होती की विद्या म्हणजे पोथ्या. इथे डॉक्टर मासे दारूत बुडवतात. पावसाचे साहेब पाऊस भांड्यात धरतात. गाण्याचे साहेब आमच्या बायांना दारात बसवून ओव्या म्हणायला लावतात आणि लिहून घेतात. आणि मातीसाहेब बेटभरची माती आणून कुटतात, चाळतात, जिभेवर ठेवूनही बघतात. सगळे शहाणे, पण एकाला दुसऱ्याचे काम पोरखेळ वाटते.
हे मा. सा. आज जाता जाता म्हणाले, मागच्या दारातले पोते टाकून दे. मागच्या दारात पोती दोन. एकात खडे आणि मुळ्या. दुसऱ्यात माती, पांढुरकी, लोण्यासारखी. रत्नागिरीकडे अशी शाडू मिळायला नशीब लागते. गणपती तोंडावर आलेला. टाकायचे ते हेच, असे मनाने घेतले. मनाला काय, सोयीचे ते घेते. खड्यांचे पोते तसेच ठेवून हे घरी आणले.

भाद्रपद शु. २
मूर्ती झाली. अंग मी केले, तोंड सौ.ने. कान जरा मोठे झाले. म्हटले, सुपाएवढे कशाला? तर म्हणाली, "ऱ्हाऊ देत. एवढ्या लांबून आमचं ऐकायचं हाय त्याला." उरलेल्या मातीची तिने नवी चूल घातली. जुनी फारच धुरायची. आता घरात धूर नाही, डोळे पुसणे नाही.

भाद्रपद शु. ४
देव बसले. या बेटावर आल्यापासून आमच्या घरातले पहिलेच. मळ्यावरच्या झोपडीत कुठे बसवणार? सौ.ने मोदक केले, निम्मे फुटले, फुटलेले मला. शेजारची सखूआक्का आरतीला आली. घाटावरची आहे, आवाज खणखणीत. मन भरून आले. खोटे कशाला लिहू, रडलो.

भाद्रपद शु. ५, सकाळ
घात झाला. मा. सा. दोन्ही हात पसरून विचारतात, "कोत मो लातेर?" माझी माती कुठे? फिनिक्सकडच्या नदीकाठावर पाण्यात उभे राहून आपल्या हाताने काढलेली माती. विलायतेला गुरूंकडे जहाजाने जायची होती. साखरेच्या गिरणीच्या भट्टीला याच मातीच्या विटा चालतील का, ते त्यांना ताडून बघायचे आहे. टाकायचे ते खड्यांचे पोते होते.
 खरे तेच सांगितले. तिचा देव केला. पण साहेब, देव दीड दिवसाचा. आज दुपारी पाण्यात घालणार. नदीऐवजी घंगाळात घालतो, माती सगळी खाली बसेल, उद्या सकाळी आणून देतो.  मा. सा. म्हणाले, उद्या सकाळी. सुटलो एकदाचा.

तोच दिवस, संध्याकाळ
सुटलो कसला. घंगाळ घासून पाणी भरले, पाटाला हात लावणार तर सौ. आडवी.
"देव हालवायचा न्हाय."
"अगं, दीड दिवस झाला."
"घरात पोटुशी बाई असली तर पाण्यात घालतात का कुनी?"
मी म्हटले, कोण पोटुशी?  तिने चुलीकडे तोंड केले. मग मला उमगले.
आमच्याकडे रीतच आहे ती. बाई बाळंत होईतो देव घरात राहतात. आणि आमची दोन बाळे मळ्यावर असताना दगावली, प्लेन दे पपायला. दोन्ही खेपेस सुईण बाहेर आली, पण आतून रडणे ऐकू आले नाही. ते न ऐकणे अजून कानात आहे. त्यानंतर सौ.ने कधी त्याचा विषय काढला नव्हता.
घंगाळातले पाणी ओतून दिले. आनंद झाला आणि धडकीही भरली, दोन्ही एकदम. साहेबांना काय सांगू? नोकरी गेली तर पुन्हा मळा. तिला या दिवसांत पुन्हा मळ्यावर न्यायचे? पण देवही हलवणार नाही. ते ठरले.

भाद्रपद शु. ६
सांगितले. मा. सा. आधी समजले नाहीत, मग लाल झाले. "किती दिवस?" म्हटले, फाल्गुनापर्यंत. फाल्गुन म्हणजे काय ते गाण्याच्या साहेबांनी समजावून दिले आणि हसू लागले. मा. सा. हसले नाहीत. म्हणाले, मी येऊन बघतो माझी माती.
आले, आणि एकटे कुठले, सगळी सभाच मागोमाग. घरात मावेनात. डॉक्टरांनी वाकून सोंडेच्या मुळाशी बघितले आणि विचारले, एकच दात का? गाण्याचे साहेब म्हणाले, आरती पुन्हा म्हणा, सावकाश. आक्काने सावकाश म्हटली, त्यामुळे चाल बिघडली, ती चिडली. पावसाच्या साहेबांनी विचारले, मूर्ती बुडवली म्हणजे त्या दिवशी पाऊस पडतो का? मी म्हटले, पडतोही. त्यांनी ते लिहून घेतले. झाडपाला सुकवून ठेवणाऱ्या पाल्याच्या साहेबांनी दूर्वा उचलून भिंगातून बघितल्या आणि खिशात घातल्या. सौ. पदर तोंडाला लावून हसत होती. एका देवावर एवढी विद्या कधी कोणी चालवली नसेल.
 शेवटी मा. सा. म्हणाले, पाठीमागून थोडी खरवडून द्या, कोणाला दिसणार नाही.
सौ. पाटापुढे येऊन उभी राहिली. मला म्हणाली, "त्यास्नी सांगा, मागनं खरवडलं तरी देवाला दुखतंय." सांगितले. साहेब एक पाऊल पुढे आले. मीही तिच्या बाजूला उभा राहिलो. धन्यापुढे असा कधी उभा राहिलो नव्हतो. 
साहेबांनी मान फिरवली. आता बोलतील, उद्यापासून येऊ नकोस. आणि त्यांची नजर चुलीवर पडली.

भाद्रपद शु. ७
चूल गेली. मा. सा. स्वतः सुरी घेऊन बसले, खालून कापली आणि आम्ही दोघांनी उचलून त्यांच्या गाडीत ठेवली, नवरीसारखी. वरची बाजू भाजलेली, खालची कच्ची, त्यांना दोन्ही हवी होती. पाच दिवसांच्या विस्तवाने एक तडा गेलेला नाही म्हणून साहेब बोट फिरवून फिरवून बघत होते. माझ्या पाठीवर थाप मारली. त्यात माझे कर्तृत्व शून्य.
सौ. संतापली. "देव नगं म्हनलं तर चूल नेली. आता रांधू कशावर, त्यांच्या टोपीवर?" तीन दगड मांडून दिले. पुन्हा धूर, पुन्हा डोळे पुसणे. पण नोकरी राहिली, देव राहिले. दोन दिवसांनी पोटभर जेवलो. भात करपलेला होता.

कार्तिक वद्य २
मा. सा. आता दर आठवड्याला येतात. मूर्ती वाळताना चिरा कुठे पडतात ते बघायचे असते. न भाजलेली माती इतके दिवस कोणी तशीच ठेवत नाही म्हणे. सौ. ओल्या बोटाने चिरा लिंपते, साहेब म्हणतात लिंपू नका. ती मान हलवते आणि ते गेले की लिंपते. साहेबांना चिरा कशा बुजतात ते कळेना. आज विचारले. मी म्हटले, देवाचे काय सांगावे.
सौ.चे पाय सुजतात. बाकी ठीक. मूल हलते. मीही हात लावून बघितले.

माघ शु. १०
सकाळी पावसाचे साहेब धावत आले. त्यांच्या काचेच्या नळीतला पारा खाली खाली जातो आहे, मोठे वादळ येणार, म्हणाले. आभाळ तर स्वच्छ. तरी छपरावर दगड ठेवले, दोर बांधले. दुपारी वारा सुटला आणि बघता बघता आजूबाजूच्या कुडाच्या भिंती उडू लागल्या. सौ.ला म्हटले, सभेच्या दगडी घरात चल. "आनि देव?" कच्ची माती, पावसात नेली तर वाटेतच विरघळेल. मग आम्ही कोणीच गेलो नाही.
एवढ्यात मा. सा. दारात, चिंब, बगलेत मेणकापड. सुकवलेल्या पाल्याच्या पेट्यांवरचे काढून आणलेले. पाल्याचे साहेब त्यांना कधी क्षमा करणार नाहीत. आम्ही दोघांनी ते देवावर धरले, एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. छप्पर कोपऱ्यात उचलले गेले, पण राहिले. वारा पडला तेव्हा साहेबांनी कापड बाजूला करून आधी मूर्तीला बोट लावले. म्हणाले, कोरडी आहे. मग सौ.कडे बघून विचारले, ती बरी आहे ना?
सौ.ने त्यांना पेज दिली. तीन दगडांवरची.

फाल्गुन शु. ३
चूल जहाजाने विलायतेला गेली, तिकडून अजून काही उत्तर नाही. मा. सा. विचारतात, विसर्जन कुठे? म्हणाले, फिनिक्सला करा, जिथून काढली त्याच जागी, मी गाडी देतो. सौ. म्हणाली, चालेल, पण देव पाण्यात गेल्यावर तिथली मूठभर सुद्धा माती उचलायची नाही, शपथ घ्या. साहेबांनी अजून शपथ घेतलेली नाही. विचार करतात. खोटे बोलायला तयार नाहीत, एवढे मात्र मानले पाहिजे.

फाल्गुन शु. ९
पहाटेपासून कळा. आक्का आत. मला बाहेर काढले. सौ. म्हणाली, देवापुढचा दिवा जळत ठेवा. ठेवला आहे.
ऊन अंगणात आले. मा. सा. आले, गाडी घेऊनच आले. म्हटले, साहेब, अजून वेळ आहे. म्हणाले, बसतो. दोघे ओट्यावर बसलो आहोत.  हात रिकामा राहू नये म्हणून लिहितो आहे.
आक्का एकदा बाहेर आली, गरम पाणी घेऊन गेली, काही बोलली नाही. मागच्या दोन्ही खेपेस असेच झाले होते.  दाराच्या फटीतून देवाचे कान दिसतात, तेवढेच.
सौ.चा आवाज थांबला.
आता काहीच ऐकू येत नाही. बाप्पा, ऐका.
आला. आवाज आला. सौ.चा नव्हे, आक्काचा नव्हे. लहान, चिडलेला.
साहेबांनी टोपी काढली. आत जातो.