मगरीच्या वीस अंड्यांविषयी मामांना

पनवेल, ८ जून १९५२

तीर्थस्वरूप सॉलोमनमामांस,

मनासेचा सलाम. आपला गुडघा आता वाकत असेल आणि मामींचा दमाही उतारावर असेल, अशी आशा. आम्ही इथे सुखरूप आहोत, म्हणजे मेलेलं कोणी नाही. लग्नाला सहा वर्षं होऊन मूल नाही, तेव्हा सुनेतच दोष आहे, पेणला दुसरी मुलगी बघावी, हा आपला सल्ला आईला फार पसंत पडला. ते पत्र तिला त्या सुनेनं, जेरुशानंच वाचून दाखवलं (आपल्या बहिणीला अक्षरओळख नाही आणि मी दिवसभर शाळेत असतो, हे आपल्या ध्यानात राहिलं नसावं). तिनं एक शब्द गाळला नाही. शेवटी ‘सौ. जेरुशास अनेक आशीर्वाद’ होतं, तेही वाचलं आणि भाकऱ्या थापायला उठली.

उत्तराला तीन महिने लागले, कारण मी एका मगरीच्या बाळंतपणात अडकलो होतो. हसू नका. गाढी नदीच्या वळणावर ही मगर राहते. पूर्वी ती काठच्या कोरड्या रेतीत खड्डा करून अंडी घालायची आणि मे महिन्यात पिल्लं घेऊन पाण्यात उतरायची. चार वर्षांपूर्वी कुणा बंगलेवाल्यांसाठी ती रेती ट्रक भरभरून गेली. तेव्हापासून बाई भगवान आगऱ्याच्या शेताच्या बांधावर, चिकणमातीत अंडी घालतात आणि पिल्लू एकही दिसत नाही. भगवानच्या आईनं, हौसाबाईनं, निकाल देऊन टाकला : “वांझ हाय ती. धोंड्यानं ठेचा तिला.” (निकाल द्यायला आपल्याकडे वेळ लागत नाही. मुंबईहूनही देता येतो.) भगवान मात्र म्हणाला, “मास्तर, रेती नेली ट्रकवाल्यांनी, मंग ती जाईल कुटं?” शाळेत सृष्टिज्ञान मी शिकवतो, पण एवढा साधा प्रश्न मला सुचला नव्हता.

मार्चमधल्या एका शुक्रवारी दुपारी भगवान शाळेत धावत आला, की आदल्या रात्री अंडी पडली. मगर पाण्यात होती. मोजली, वीस निघाली. कोंबडीच्या अंड्यासारखं हे अंडं उलटंपालटं करून चालत नाही, आतला जीव मरतो, म्हणून प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण केली आणि दहा अंडी टोपलीत घेऊन वरच्या उंचवट्यावर, जिथे थोडी रेती उरली आहे तिथे, पुरली. दुसऱ्या खेपेला निघालो, तर सूर्य खाडीत टेकलेला. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या शनवार तेल्यांचा वंशज मी; शुक्रवारी सूर्य बुडला की आमचा शनवार लागला, काम बंद. टोपली ठेवून दिली. भगवान म्हणाला, “मास्तर, मगरीला शनवार हाय का?” तरी मी घरी येऊन हात धुऊन दिव्यापुढे बसलो. रविवारी गेलो, तेव्हा बाई बांधावर जबडा वासून बसल्या होत्या. माझी डावी चप्पल अजून त्यांच्याकडेच आहे.

वैशाखाच्या उधाणात खाडीचं पाणी बांधात मुरलं. मे अखेरीस रेतीतून आवाज यायला लागले. मी हातांनी उकरलं. दहातून आठ पिल्लं निघाली, हिरवट, वीतभर, जन्मताच चावणारी. त्याच दिवशी मगरीनं बांध उकरला. तिथली दहाच्या दहा अंडी कुजली होती. ती एकेक अंडं तोंडात धरून पाण्याकडे नेत होती आणि परत येत होती. मामा, मी तिथेच रडलो. माझ्या शनवारानं दहा जीव घेतले, हे एक. आणि दुसरं म्हणजे, मगर तीच, रात्र तीच, अंडी तीच. दोष तिच्यात नव्हता. हौसाबाईनं पिल्लं पाहिली आणि हातातला धोंडा खाली टाकला. आपण पनवेलला नाहीत, म्हणून हे लिहून कळवावं लागतं.

आपला भाचा,
मनासे

ता. क. : आम्ही एकाच खोलीत पाच जण झोपतो. दोन बहिणी दाराशी, मी भिंतीशी, जेरुशा चुलीशी आणि मध्ये आईचा खोकला. मागची खोली आपण मुंबईला गेल्यापासून, म्हणजे दहा वर्षं, कुलपात आहे. आत आपली एक वेताची खुर्ची आणि उंदीर सहकुटुंब नांदतात. किल्ली पाठवावी, एवढंच मागणं.

ता. क. दुसरा : वरचं लिहून पाकीट चिकटवणार, तोच आईनं सांगितलं, की किल्ली आपण गेल्याच आठवड्यात दिनानाथ कंपाउंडरबरोबर धाडलीत. माझं उत्तर नाही म्हणजे होकारच धरलात आणि नव्या सुनेला खोली हवी, हे आपल्याला न सांगताच सुचलं. जुनीला सहा वर्षं खोली लागत नव्हती. जेरुशानं हे ऐकलं, आईच्या कनवटीची किल्ली मागून घेतली, खुर्ची अंगणात काढली, खोली झाडली, स्वतःची ट्रंक आत नेली आणि आतून कडी घातली. मी आपल्याच खुर्चीवर बसून हे लिहितो आहे. दोनदा दार वाजवलं. ती म्हणाली, “पेणला जाऊन या.”