निळा पोपडा

९ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. रुसवा आता आवरता घे आणि फोन उचलत जा. इकडे सगळे बरे आहेत. माझे गुडघे कुरकुरतात, पण ते जन्माचंच झालंय. तुझ्या बायकोला माझी आठवण सांग.

आता तू पाठवलेला खडा. दुर्मिळ आहे का आणि किंमत काय येईल, असं तू विचारलंस. दुर्मिळ आहे. रेशमासारख्या बारीक पांढऱ्या सुया आणि त्यांना गुलाबी झाक! आमच्या खनिजांच्या दुकानात सगळे हातातली कामं टाकून बघायला आले. कणभर खरवडून कोळशावर तापवला, तर लसणाचा वास सुटला. आमच्या धंद्यात त्या वासाचा अर्थ एकच, आर्सेनिक. मी आधी खिडक्या उघडल्या. प्रयोगशाळेनेही तेच कळवलं: चुना आणि आर्सेनिक यांचं खनिज, गुलाबी झाक कोबाल्टची. एक संग्राहक तर हात धुऊन मागे लागलाय.

पण असा खडा त्याच्या ठिकाणावर विकला जातो. कुठे मिळाला हे खात्रीने सांगता आलं नाही, तर तो नुसता शोभेचा दगड. तू लिहितोस, मित्राच्या खाणीतला. अरे, थापा मारणं तुला लहानपणीही कधी जमलं नाही. खडा उलटा करून पाहिला. सुयांच्या खाली दगड नाहीच, भिंतीचा गिलावा आहे, आणि कडेला निळ्या रंगाचा पोपडा. स्वयंपाकघरातला उरलेला रंग आईने आपल्या घराच्या तळघरात, पिण्याच्या पाण्याच्या टाकीच्या भिंतीला फासला होता, तोच हा. मी वाटा मागेन म्हणून लपवलंस ना? मला वाटा नको. ती भिंत तुला लखलाभ.

खरं लिहायचं ते मी मघापासून टाळतेय. ही खनिजं कोरड्या भिंतीवर येत नाहीत. मागच्या टेकडीतल्या बंद खाणीचं पाणी भिंतीतून झिरपतं, सुकतं आणि या सुया मागे ठेवतं. तेच पाणी टाकीत उतरतं आणि तेच तुम्ही पिता. आपल्या चिमणीच्या तळहातांना घट्टे पडलेत, लेक मजुरी करणार बहुतेक, असं तू गमतीने लिहिलंस. मला हसू आलं नाही. आर्सेनिक पोटात जात राहिलं की तळहातांना असेच घट्टे येतात. मला भीती वाटतेय.

टाकीचं पाणी आजच बंद कर. उकळून उपयोग नाही, विष त्यात तसंच राहतं. चिमणीला डॉक्टरांकडे ने आणि आर्सेनिक हा शब्द तिथे स्पष्ट सांग. भिंत खरवडू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. खडा परत बांधायला घेतला, तेव्हा डब्यातल्या कापसाखाली घडी घातलेला कागद सापडला. चिमणीचं अक्षर आहे. "आत्या, हे मी शोधलं. बाबांना खूप आवडलं. पण दिसतं तसं गोड नाहीये."

हे पत्र टपालात टाकत नाही. हातात घेऊन निघालेय. दार उघड.